पुढं म्हणजे कुठं?

मुंबई, नोव्हेंबर २०२५

प्रिय बाईसाहेब,

(या हाकेने तू चिडतेस हे ठाऊक आहे. वीस वर्षं तिकडे राहून चिडायची सवय मोडली असेल तर कळव, दुसरी हाक शोधते.)

तुझ्या मेलमध्ये नातीचं बारसं, गुडघ्याचं दुखणं, घरांच्या किमती असं सगळं येऊन गेल्यावर शेवटी एक ओळ आहे: "तुमचा रस्ता झाला का गं एकदाचा?" तू सहज विचारलंस, पण उत्तर लांबलचक येणार आहे. चहा करून घेऊन बस.

झाला. म्हणजे आमच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत झाला. त्यापुढचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर अर्धवट सोडला होता, तो दसरा झाल्यावर पुन्हा खणायला घेतलाय. २०२३ पासून मुंबईत रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायचा सपाटा लागलाय, दोन टप्पे मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास. तू आत्ता आलीस तर ओळखीची एक गल्ली तुला सरळ चालून पार करता यायची नाही. एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला खड्डा, मधून फळकुटावरून आपण. पण झालेला रस्ता चांगला झालाय, खोटं कशाला बोलू? रिक्षावाला कुरकुर न करता आत येतो, याहून मोठं प्रमाणपत्र मुंबईत नाही. मला बोलायचंय ते रस्त्याबद्दल नाहीच. रस्त्याच्या कडेला ती लोखंडी जाळी असते ना, जिच्यातून पावसाचं पाणी खाली जातं, तिच्याबद्दल बोलायचंय.

यंदा मुंबईत मोसमी पाऊस २६ मेला दाखल झाला. त्याची नेमाची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही म्हणतात. रस्त्यांची कामं ३१ मेपर्यंत उरकायची, नाहीतर निदान चालण्याजोगी करून ठेवायची, असं ठरलं होतं. पावसाने तेवढेही पाच दिवस दिले नाहीत. वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरल्याची चित्रफीत तूच मला पाठवलीस, "हे काय गं नवीन?" असं विचारत. स्थानक सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

त्याच सकाळी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. आता तुला आमची गल्ली माहीत आहे, ती जरा उंचावर. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, तू आमच्याकडेच अडकली होतीस. सगळं उपनगर पाण्यात होतं आणि आमच्या गल्लीत जेमतेम घोट्यापर्यंत. यंदाचा पाऊस त्याच्या पासंगालाही पुरला नसता, तरी तळमजल्यावरच्या नानांचा फ्रिज विटांवर चढवावा लागला. मी गच्चीवर जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यावरचा नाला अर्धा रिकामा वाहत होता. म्हणजे पाणी न्यायला नाला तयार होता, पाणी जायला तयार होतं, आणि दोघांची गाठच पडत नव्हती.

नाना छत्री घेऊन खाली उतरले, पाण्यातूनच चाचपडत जाळी शोधली आणि छत्रीच्या टोकाने आत ढोसलं. गाळ असता तर टोक रुतलं असतं. इथे टक्कन आवाज आला. पुन्हा ढोसलं, पुन्हा टक्क. मग नानांच्या डोक्यात आलं की मधल्या मॅनहोलचं झाकण उचलून पाण्याला वाट करून द्यावी. मी जिन्यातूनच ओरडले, "नाना, झाकणाला हात लावायचा नाही!" ऑगस्ट २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडकडे एक नावाजलेले डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले आणि पाणी ओसरावं म्हणून उघडून ठेवलेल्या मॅनहोलमध्ये गेले. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली आणखी एक संरक्षक जाळी बसवायची मोहीम निघाली. पण झाकण लोक हौसेने उघडत नाहीत. रस्त्याकडेच्या जाळ्या पाणी घेईनाशा झाल्या की कुणाला तरी ते सुचतंच.

पाऊस उघडल्यावर दोन माणसं आली, पहार, छिन्नी आणि हातोडा घेऊन. जाळी उचलली. खालचं चेंबर म्हणजे हातभर रुंद, कमरेइतका खोल हौद असतो. तळापासून वीतभर वर त्याच्या कडेला नळाचं तोंड, तिथून पाणी पुढे. तळाचा हा वीतभर खोलगटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, वाळू-कचरा तिथे बसावा आणि पाणी तेवढं पुढे जावं म्हणून. आमच्या चेंबरात तो खोलगट भाग नव्हताच. नळाचं तोंडही नव्हतं. राखाडी, सपाट, गुळगुळीत लादी जमली होती. तिच्यात एक रबरी चप्पल अर्धी रुतलेली, गुटख्याच्या पुड्या, नारळाची करवंटी, आणि वरच्या अंगाला जाळीच्या पट्ट्यांचे समांतर ठसे. एकजण आत उतरला. तिथे पुरतं वाकायलाही जागा नाही, त्यामुळे छिन्नी धरायची एका हाताने, घाव घालायचा दुसऱ्याने, आणि कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून तोंड फिरवायचं. सकाळी लागलेला तो माणूस दुपारी जेवायला वर आला तेव्हा कुठे नळाची वरची कड दिसायला लागली होती. नळाच्या आत जे जमलं होतं ते तसंच राहिलं. पुढे नळच बदलावा लागला. नवा कोरा रस्ता, तो कडेने पुन्हा फोडला.

ही लादी आली कुठून? एप्रिलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत आली. काँक्रीट ओतल्यावर काही तासांनी, ते पुरतं कडक व्हायच्या आत, गोल पात्याचं यंत्र फिरवून त्यात ठरावीक अंतरावर आडव्या चिरा पाडतात. काँक्रीट आकसताना तडकणारच, तर ते वेडंवाकडं न तडकता आपण आखून दिलेल्या रेघेवर तडकावं म्हणून. पातं तापू नये आणि धुरळा उडू नये म्हणून वरून पाण्याची धार. त्या पाण्यात कापलेल्या काँक्रीटची भुकटी मिसळून जो राखाडी चिखल होतो त्याला कामावरची माणसं स्लरी म्हणतात. उतार कडेला असतो, स्लरी कडेला येते, कडेला जाळी असते. शिवाय काँक्रीटची गाडी रिकामी झाली की तिची पन्हळ तिथल्या तिथे पाइपने धुवायची, तेही पाणी तिकडेच. कामावर एक तरणा सुपरवायझर होता, लातूरकडचा, बोलायला गोड. मी त्याला म्हटलं, "अहो दादा, हे सगळं जाळीत चाललंय."

"जाऊ द्या की मावशी. पाऊस पडला की जातंय वाहून."

"कुठे?"

"पुढं."

"पुढं म्हणजे कुठं?"

त्याने खरोखरच विचार केला, हसला, आणि देवळाकडे हात केला. "तिकडं."

हा "तिकडं" मी गेले काही महिने शोधत बसलेय, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. त्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेले भाऊ. सबंध नोकरी पाटबंधारे आणि नळांच्या कामात घालवलेला इंजिनिअर माणूस, निवृत्त झाल्यापासून श्रोत्याच्या शोधात. आमचं छान जमलं. त्यांच्याकडून पहिली गोष्ट कळली ती सिमेंटची. ते वाळून घट्ट होतं असं आपण धरून चालतो. तसं नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, त्याला वाळायची गरजच नसते, पाण्याखालीसुद्धा ते आपलं काम चोख करतं. पुलांचे खांब नदीत उभे राहतात ते याच गुणावर. तोच गुण चेंबरात आमच्या मुळावर आला. माती गेली असती तर पहिल्या जोराच्या पावसाने थोडीफार हलली असती. सिमेंटला तर पाऊस म्हणजे क्युरिंगच.

मग "पुढं". जाळीतून गेलेल्या मालाची पाणी स्वतःच वाटणी करतं. खडी चेंबराच्या तळाशी राहते, ती कुठे जात नाही. रेती नळात शिरते आणि पाण्याचा वेग पडला की बसते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण उभ्या पाण्यात मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटं घेतो. चिकणमातीचा कण, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस. म्हणून रेती आपल्या गल्लीची डोकेदुखी आणि माती खाडीची. मुंबई मुळातच सपाट, नळांना उतार बेताचा, पाणी रमतगमत जातं, त्यामुळे रेतीला बसायला फावतं. तळाशी चार बोटं गाळ बसला की चार बोटांपुरतंच नुकसान होत नाही. खडबडीत तळावरून पाणी आणखी सावकाश जातं, सावकाश गेलं की आणखी गाळ सोडतं. नळातून ढाप्यात (ढापा म्हणजे वरून झाकलेलं चौकोनी गटार), ढाप्यातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. वाटेत कुठेही हे पाणी शुद्ध होत नाही. मलवाहिन्या वेगळ्या, त्यांचं पाणी प्रक्रियेला जातं. पावसाचं पाणी पावसाचं म्हणून थेट समुद्रात सोडलेलं असतं. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो, समुद्राचा ८ च्या आसपास, आणि या मापात एकेक आकडा म्हणजे दहापट. त्या पाण्यात दिवसभर उभं राहणाऱ्या बिगाऱ्यांच्या पायांची कातडी कशी सोलवटते ते मी पाहिलंय. खाडीतल्या निवट्यांना कोण विचारतो!

आता मोठ्या हिशेबाकडे येते, कारण तू लगेच म्हणशील की एका जाळीने काय होतं. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची जुनी रचना तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० पर्यंत न्यावी असं सांगितलं. २००५ च्या दणक्यानंतर त्या कागदांवरची धूळ झटकली गेली. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध, एकेक करत उदंचन केंद्रं उभी राहिली, सेकंदाला हजारो लिटर पाणी समुद्रात फेकणारे पंप बसले. नाले रुंद झाले. यात काही चूक नाही. पण पंप आणि नाला हे सगळं जाळीच्या पलीकडे. आमच्या गल्लीतलं पाणी जाळीशीच अडलं तर समुद्रकाठचा पंप काय उपसणार?

आणि दरवर्षी नालेसफाई होते की. तिचा थाट तुला आठवत असेल. आता तर गाळाचे ट्रक काट्यावर वजन करून जातात, चित्रीकरण होतं. तरीही मिठी नदीच्या गाळाच्या कंत्राटांवरून यंदा मे महिन्यात पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा आरोप आहे, तपास चालू आहे. त्यात खरंखोटं काय ते ठरेल तेव्हा ठरेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. गाळ टनावर मोजता येतो, म्हणून काढलेल्या गाळाचं बिल होतं. आत जाऊच न दिलेला गाळ कुठल्या काट्यावर चढवायचा? भाऊ म्हणतात, त्यांच्या नोकरीत त्यांनी असंख्य निविदा लिहिल्या. खोदाई घनमीटरवर, काँक्रीट घनमीटरवर, लोखंड टनावर. "जाळ्यांची राखण" अशी ओळ फारशी कुणी घालत नसे. घातलीच तर "ठेकेदाराने योग्य ती काळजी घ्यावी" या वाक्यात ती गुंडाळून टाकायची. योग्य ती काळजी फुकट असल्याने ती कुणी घेत नाही. लातूरच्या त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला रोज किती मीटर रस्ता झाला हे विचारणारे तिघेजण होते, जाळीत काय गेलं हे विचारणारी एक मावशी होती, आणि ती पगार देत नव्हती.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राने २०१६ मध्येच बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे नियम केले. राडारोडा असा टाकू नये की रहदारीला, लोकांना किंवा गटारांना अडथळा होईल, असं त्यात सरळ लिहिलंय. मुंबईच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही दहिसर आणि डायघरला आहेत. विटा-काँक्रीटचे मोठे तुकडे आताशा पुष्कळ वेळा रीतसर उचलले जातात. डोळ्यांना दिसतात ना! घोळ बारीक मालाचा आहे. रेती, कच, स्लरी. याला कुणी राडारोडा समजतच नाही. ते "पाणी" असतं, आणि पाणी वाहून जातं.

तू पाठवलेले फोटो भाऊंना दाखवले. तुमच्या सॅन होजेच्या रस्त्यावर काम चालू आहे आणि जाळीभोवती गवताने भरलेले लांबलचक लोड मांडलेत. तू खाली लिहिलंस, "बैठक घातलीय, गाणारे बुवा यायचेत." मी हसले, भाऊ मात्र चष्मा लावून अर्धा तास बघत बसले. लगेच फुशारू नकोस, तुमच्याकडेही हे आपसूक झालेलं नाही. स्वच्छ पाण्याचा तुमचा कायदा १९७२ चा. पावसाच्या पाण्याची तरतूद त्यात १९८७ साली आली. १९९० मध्ये पाच एकरांवरच्या बांधकामांना परवाना लागू झाला, तो एक एकरापर्यंत खाली यायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. आणि लोड मांडले जातात ते दंडाची भीती असते म्हणून. तुझ्या शेजाऱ्याला मासे आवडतात म्हणून नव्हे.

आता ऑक्टोबरची हकिगत. देवळापुढचा तुकडा सुरू होणार कळलं तसं सोसायटीच्या ग्रुपवर, सुप्रभातच्या फुलांमधून वाट काढत, मी जाळीचा विषय टाकला. सहा अंगठे आले, एक हात जोडलेला. मग भाऊ आणि मी प्रत्यक्षच जाऊन नव्या साइट इंजिनिअरला भेटलो. चोवीस-पंचवीसची मुलगी, डोक्यावर हेल्मेट, हातात तीन फोन. तिने ऐकून घेतलं, कारण आधीच्या तुकड्याचा फोडलेला नळ तिच्याच गळ्यात पडला होता. म्हणाली, "काका, बोला काय करायचं, पण मला माणसं जास्त मिळणार नाहीत."

माणसं जास्त लागतच नाहीत. भाऊंचं पहिलं सांगणं: जाळी बंद करायची नाही. सगळ्यांना आधी तेच सुचतं, प्लॅस्टिक अंथरा, वर फळी टाका. भर उन्हाळ्यात, काँक्रीट ओतायच्या त्या काही तासांपुरतं ते ठीक. पण झाकलेली जाळी आणि तुंबलेली जाळी यांत पाण्याच्या लेखी काही फरक नाही. जाळीच्या वरच्या अंगाला, पाणी जिकडून येतं तिकडे, अर्धगोलात गोण्या लावायच्या. गोण्यांत वाळू नाही, खडी भरायची. वाळूतून पाणी नीट झिरपत नाही आणि गोणी फाटली की तीच वाळू आत जाते. गोण्या गच्च भरायच्या नाहीत, पाऊणच, म्हणजे जमिनीला चिकटून बसतात. आणि मधली गोणी इतरांपेक्षा बुटकी. जास्तीचं पाणी आलं तर तिच्यावरून ओसंडून जाळीत जाऊ दे, गाळ मागे अडकलेला राहील. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग रस्ताभर तळं होतं.

दुसरं, झाडू. काम संपलं की पाइप लावून रस्ता धुवायचा नाही. कोरडा झाडून घमेल्यात भरायचा. स्लरीला वाळूच्या गोण्यांचा बांध घालून रस्त्यावरच थोपवायची, घट्ट झाली की फावड्याने खरवडून उचलायची. गाडीची पन्हळ धुवायला कोपऱ्यात एक खड्डा, आत जाड प्लॅस्टिक. त्यात पाणी उडून जातं, खाली जी लादी उरते ती फोडून ट्रकमध्ये. चरात पाणी साचलं की पंपाचा पाइप थेट मॅनहोलमध्ये सोडतात, तो आधी एका पिंपात सोडायचा आणि पिंपाच्या वरच्या कडेने निवळलेलं पाणी पुढे जाऊ द्यायचं. रेतीचा ढीग कडेला नाही, उंचवट्यावर, आणि त्याला ताडपत्री. झालं. यात तुला कुठे यंत्र दिसतंय का? माझ्या मते हीच या उपायांची खोट आहे. महागडं काहीतरी असतं तर उद्घाटन झालं असतं.

शेवटचं सांगणं मला सगळ्यांत आवडलं. रस्त्याची पातळी बदलली की चेंबरं फोडून नव्याने बांधतात. तेवढ्या काळात नळाची तोंडं उघडी राहतात, म्हणून त्यात गोणपाटाचा बोळा कोंबतात. चांगली गोष्ट. पण काम झाल्यावर बोळा आतच राहतो, वर झाकण बसतं, आणि पुढची दहा वर्षं ती गल्ली का तुंबते हे कुणाला कळत नाही. भाऊंनी त्या मुलीला एक वही करायला लावली. कुठल्या चेंबरात, कुठल्या बाजूला, किती बोळे घातले, किती काढले, सही. प्रत्येक बोळ्याला नायलॉनची लाल दोरी, तिचं टोक वर बाहेर. शस्त्रक्रियेनंतर टाके घालायच्या आधी नर्स कापसाचे बोळे मोजते, तुझ्या लेकीला विचार.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. गोण्या दुसऱ्याच दिवशी हलल्या, कुणीतरी स्कूटर लावायला जागा केली. दोन गोण्या गायब झाल्या त्या एका गॅलरीत कुंड्यांखाली सापडल्या. पलीकडच्या इमारतीतल्या एका उत्साही गृहस्थांनी आमच्यावर कडी करायला जाळीवर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी विटा ठेवल्या. ऑक्टोबरातल्या एका अवकाळी सरीत त्यांच्याच फाटकात पाणी. भाऊ गच्चीवरून बघत होते, चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं. (म्हातारी माणसं दुष्ट असतात गं, आता आपल्यालाही कळायला लागलंय.) गोण्यांच्या जाळीजवळ मात्र त्या सरीनंतर तीन घमेली रेती निघाली, ओली, राखाडी, मधोमध एक निरोधाचं पाकीट. मुकादमाने ती भरून नेली आणि परत ढिगावर टाकली. रेती त्याला विकतच आणावी लागते. वाचलेला माल दिसल्यावर तो स्वतःच गोण्या सरळ करायला लागला. चार समजावण्या एकीकडे आणि तीन घमेली रेती एकीकडे.

उद्या रात्री पुन्हा काँक्रीट ओतायचंय. त्या मुलीने पहाटे चिरा पाडायला माणूस बोलावलाय आणि भाऊ गजर लावून झोपणार आहेत, खाली जाऊन उभे राहायला. वहिनींनी मफलर काढून ठेवलाय आणि मला सांगितलंय की यांना तू चढवलंस, आता थर्मासही तूच दे. देतेय.

तुझ्याकडे एक काम आहे. ते लोड आतून कशाचे असतात ते जरा हाताने चाचपून बघ. पेंढा असेल तर भाताचा की गव्हाचा, वरचं आवरण प्लॅस्टिकच्या जाळ्याचं की तागाचं, आणि जमिनीला टेकलेल्या बाजूने पाणी निसटू नये म्हणून ते ठोकलेत की नुसते ठेवलेत, हे भाऊंना हवंय. भाताचा पेंढा चालत असेल तर अलिबागहून आणायची त्यांची तयारी आहे, भात नुकतंच कापून झालंय. कुणी हटकलं तर मात्र स्वतःच निस्तर, माझं नाव सांगू नकोस.

नातीचं नाव पाठवताना स्पेलिंग पाठवलंस, उच्चार कळला नाही. तो फोनवर सांग. गुडघ्याला तिळाचं तेल लाव आणि डॉक्टर सांगतो तो व्यायाम कर, दोन्ही.

तुझी,
(सही ओळखशील)